आपले राहून गेलेले बंदर

हुबळी-धारवाडला समुद्र नाही. आपल्या वाट्याला आली ती तळी. हुबळीचे उणकल, धारवाडचे केळगेरी आणि साधनकेरी. पावसाळ्यात ती भरली की आपण सायंकाळी काठाने फिरून येतो, मुलांना चिरमुऱ्याचा पुडा घेऊन देतो आणि घरी परततो. कित्येक वस्त्यांत नळाला पाणी येण्याचा दिवस ठरलेला असतो आणि त्या दिवशी घरातील इतर सर्व कामे बाजूला पडतात. अशा गावात वाढलेल्या माणसाला पाणी ही भरून ठेवण्याची वस्तू वाटते, तिच्यात उतरण्याचा विचार त्याच्या मनात येत नाही. आणि तरीही धारवाडच्या सोमेश्वराच्या देवळापाशी उगम पावणारी शाल्मला पुढे बेडती होते, घाट उतरून गंगावळी होते आणि अंकोल्याजवळ समुद्राला मिळते. धारवाडच्या पाण्याला समुद्राची वाट फार पूर्वीपासून ठाऊक आहे, धारवाडकरांना मात्र ती नीटशी ठाऊक नाही.

ही वाट माणसांसाठी आणि मालासाठीही रुळावी, असा एक मोठा खटाटोप गेल्याच्या आधीच्या शतकात झाला होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडून मँचेस्टरच्या गिरण्यांना जाणारा कापूस थांबला आणि हिंदुस्थानच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. धारवाड जिल्ह्याचा कापूस घाटाखाली कुमठ्याच्या किनाऱ्यावरून परदेशी जाई, इतका की विलायतेच्या बाजारात तो 'कुमठा' या नावानेच ओळखला जात होता. परंतु कुमठ्याचा किनारा उघडा, आणि कारवारचा उपसागर मात्र डोंगरांनी आणि बेटांनी आडोसा दिलेला. तेव्हा कारवारला मोठे बंदर करावे आणि आपल्या मुलखाचा कापूस तेथून न्यावा, असे ठरले. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडला गेला, त्यामागे हे बंदर हे एक मोठे कारण होते. घाटांतून गाडीरस्ते उतरले. आपल्या पणजोबांच्या काळी हुबळीच्या पेठेत उभ्या असलेल्या गाडीवानाला कारवारचा धक्का अपरिचित नव्हता.

पुढे आगगाडी आली, पण ती दुसऱ्या वाटेने गेली. १८८०च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचा रूळ कॅसलरॉकला, पोर्तुगीजांच्या मुरगाव बंदराकडून आलेल्या रुळाला जाऊन भिडला आणि कारवारचा व्यापार ओसरला. ज्या कंपनीचा हा रूळ, तिची मुख्य कचेरी धारवाडातच होती. आज त्याच इमारतीत कर्नाटक कॉलेज भरते. तेथे शिकलेल्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल, की ज्या भिंतींच्या आत आपण पदव्या मिळवल्या, तेथूनच आपल्या बंदराचे भवितव्य दुसरीकडे वळले? हुबळी-अंकोला हा लोहमार्ग १९९०च्या दशकाच्या अखेरीस मंजूर झाला, पण घाटातील दाट अरण्य तोडावे की राखावे या वादात तो अद्याप अडकून आहे. १९५६ पर्यंत धारवाड आणि कारवार ही दोन्ही गावे एकाच मुंबई राज्यात होती, सरकारी नोकरांच्या बदल्या इकडून तिकडे होत आणि कारवारहून मुंबईस आगबोट सुटे. ते सारे मागे पडले. बंदर तेथेच आहे. आपण मात्र तेथे वर्षातून एखादे वेळी येणारे पाहुणे झालो आहोत.

पाहुण्याला घराचे उंबरे ठाऊक नसतात आणि समुद्राच्या बाबतीत हे अज्ञान फार महाग पडते. २१ जानेवारी २०१९ रोजी कारवारजवळच्या कूर्मगड बेटावरील नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी होडी उलटली आणि सोळा जण बुडाले. मृतांत घाटावरून आलेले यात्रेकरूही होते. १० डिसेंबर २०२४ रोजी मुर्डेश्वरच्या किनाऱ्यावर शैक्षणिक सहलीस आलेल्या, कोलार जिल्ह्यातील एका निवासी शाळेच्या चार मुली लाटांनी ओढून नेल्या. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसून ही बातमी वाचताना अंगावर काटा येतो. आमच्या शाळेतही दरवर्षी सहलीचा विषय निघाला की वर्गावर्गांतून एकच मागणी येते, 'सर, समुद्र!' परिपत्रकांनी सहलीवर कितीही अटी घातल्या, तरी मुलांच्या मनातला समुद्र काही पुसला जात नाही. नको म्हणावे, तर ती मोठी झाल्यावर चार मित्रांबरोबर, कोणी सांगणारे जवळ नसताना, त्याच पाण्यात उतरणार. होय म्हणावे, तर जबाबदारी आपली. या पेचात असताना एका सहकारी शिक्षकाने सुचवले, की कारवारला काळी नदीच्या मुखाशी नवशिक्यांना कयाकमधून वाटाड्याच्या सोबतीने फिरवून आणतात, आधी आपण बसून पाहावे आणि मग मुलांचे बोलावे. सूचना रास्त होती. मला पोहता येत नाही हे मी त्याला सांगितले, तर तो म्हणाला, "मग तर तुम्हीच जायला हवे, सर!"

कयाक म्हणजे काय, हे आपल्या वाचकांपैकी तरुणांना सांगायला नको. वडीलधाऱ्यांसाठी सांगतो. उत्तर ध्रुवालगतच्या बर्फाळ किनाऱ्यांवर राहणाऱ्या इन्युइट लोकांची ही शिकारीची होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती शिवत. ती अरुंद, निमुळती आणि हलकी असते, वल्हे एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती. नवशिक्यांना देतात ती आता एकसंध प्लॅस्टिकची असते. तिच्या पोटात शिरायचे नसते, पाठीवर बसायचे असते. पाणी आत आले तरी तळाच्या भोकांतून निघून जाते, त्यामुळे ती भरून बुडत नाही. उलटली तर माणूस बाहेर फेकला जातो, आत अडकत नाही. एकाची आणि दोघांची, अशा दोन प्रकारच्या कयाक मिळतात. आमच्या सौभाग्यवतींनी बरोबर येण्याचा आग्रह धरल्यामुळे आम्ही दोघांची घ्यायचे ठरवले. "अहो, तुम्ही एकटे बसणार आणि मी काठावर जप करीत उभी राहणार, हे जमायचे नाही," असे त्यांचे म्हणणे पडले.

दिवस आम्ही निवडला नाही, तो वाटाड्याने निवडून दिला. हा तिशीतला तरुण मासेमारी करणाऱ्या घरातला होता. त्याचे वडील तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख नावाडी. फोनवर त्याने आमची सवड विचारण्याआधी पंचांग काढले. कोकणात भरतीचा एक ढोबळ हिशेब आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण येते, पाणी पुष्कळ चढते, पुष्कळ उतरते आणि खाडीत प्रवाह जोराचा असतो. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार थोडी, ओढही थोडी. नवशिक्यांना हेच दिवस बरे. त्याप्रमाणे २३ फेब्रुवारी २०२५, रविवार, माघ वद्य दशमी, हा दिवस ठरला. उजाडता निघायचे, चढत्या पाण्याबरोबर नदीत वर जायचे, साडेसातच्या सुमारास पाणी थांबले की कांदळवनात रेंगाळायचे आणि ओहोटीबरोबर परत यायचे. उन्ह तापून समुद्रावरचा वारा सुरू होण्यापूर्वी काठाला लागायचे. बंदराचे छापील कोष्टकही त्याच्याजवळ होते आणि वर कद्र्याच्या धरणातून पाणी सोडणार आहेत का, याचीही चौकशी तो करीत असे. तीस वर्षे मी शाळेत भरती-ओहोटी शिकवली, पण तिच्या वेळेप्रमाणे घड्याळ लावण्याचा प्रसंग हा पहिलाच.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर हुबळीहून निघालो. कलघटगी, यल्लापूर आणि मग अरबैलचा घाट, त्यापुढे अंकोल्यावरून किनाऱ्याने कारवार. सारा रस्ता १६५ किलोमीटरांच्या आसपास. संध्याकाळी रवींद्रनाथ टागोरांचे नाव दिलेल्या किनाऱ्यावर उभे राहिलो. दक्षिणेला बैतकोलच्या डोंगराच्या कुशीत आजचे बंदर दिसत होते, धक्क्याला लागलेली जहाजे, त्यांच्या अलीकडे मासेमारीच्या बोटींची दाटी. समोर बेटे. बैतकोलच्या पलीकडे अर्ग्याला आरमाराचा मोठा तळ आहे, तेथील 'आयएनएस कदंब' २००५ साली सुरू झाले. आमच्या कापसासाठी आखलेला हा आडोसा शेवटी देशाच्या आरमाराच्या उपयोगी पडला, याचे समाधान मानावे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही कोडीबागेच्या बाजूला, रस्त्याच्या पुलाच्या वरच्या अंगास पोहोचलो. आकाशात दशमीची चंद्रकोर होती. आमच्याशिवाय बेळगावचे एक दांपत्य आणि तीन तरुण, एवढीच मंडळी होती. पाण्याजवळ जाण्यापूर्वी अर्धा तास जमिनीवर शिकवणी झाली. तरंगजाकिटाचे पट्टे आवळल्यावर वाटाड्याने प्रत्येकाच्या खांद्याला धरून ते वर ओढून पाहिले. जे हनुवटीपर्यंत सरकले, ते बदलले. वल्हे डोक्यावर धरून कोपर काटकोनात आले, की पकड बरोबर. पाते पायाच्या बोटांजवळ पाण्यात घालायचे आणि कमरेजवळ बाहेर काढायचे. जोर दंडांनी लावायचा नाही, कंबरेपासून अंग वळवायचे. वळायचे असेल तर पाते दूरवरून अर्धवर्तुळात फिरवायचे. आणि उलटलो तर? "होडी सोडायची नाही, गुरुजी. माणूस लहान दिसतो, होडी लांबून दिसते. होडीला धरून राहा, शिट्टी वाजवा, मी येतो." हे सांगताना त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. प्रत्येकाकडून हे वाक्य त्याने पुन्हा म्हणवून घेतले. मी मनात म्हटले, हा पोरगा आमच्या शाळेत हवा होता.

दोघांच्या कयाकमध्ये पुढे बसेल त्याने ताल धरायचा आणि मागे बसेल त्याने तो ताल सांभाळून दिशा राखायची, असा नियम आहे. वजनाच्या हिशेबाने मी मागे बसलो. पहिली दहा मिनिटे आमची पाती एकमेकांवर आपटत होती आणि होडी स्वतःभोवती प्रदक्षिणा घालीत होती. "अहो, माझ्याकडे बघून मारा!" असे सौभाग्यवतींनी दोनदा बजावल्यावर मी शिक्षक आहे हे विसरलो आणि विद्यार्थी झालो. मग एकाएकी होडी सरळ चालू लागली. पाण्याच्या इतक्या जवळ, त्याच्यापासून वीतभर उंचीवर, मी जन्मात कधी बसलो नव्हतो. तळ्याच्या काठावरून दिसते ते पाणी आणि हे पाणी यांत फरक असा, की हे चालत असते. वल्हे थांबवले तरी कांदळाची झुडपे मागे सरकत राहिली, तेव्हा भरती आपल्याला उचलून नेत आहे हे प्रथमच कळले. समोरून, डोंगरांकडून, गार वारा तोंडावर येत होता. रात्री जमीन समुद्राहून लवकर निवते म्हणून पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा, आणि दिवसा उलट येतो तो खारा वारा. भूगोलाच्या तासाला हे दोन शब्द मी कितीतरी वेळा फळ्यावर लिहिले असतील. त्यांतला पहिला त्या सकाळी गालाला लागला.

मागे वळून पाहिले, की नदीच्या उत्तर काठावर सदाशिवगडाची टेकडी दिसे. हा गड सोंदेकर राजांनी बांधला. त्याच्या पायथ्याशी दुर्गेचे देऊळ आहे, दर्गाही आहे. आजचे कारवार शहर वसण्यापूर्वी या परिसराचे बंदर हेच होते, नदीचे मुख. सदाशिवगडाचे जुने नाव चिताकूल. पोर्तुगीजांच्या दप्तरांत ते 'सिंताकोरा' झाले. इंग्रजांची वखार १६३८ साली येथून आत कडवाड गावाजवळ आली, आणि १६६५च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज बसरूरच्या स्वारीहून परतताना कारवारला आले, तेव्हा या वखारवाल्यांनी आपल्या वाटणीची ११२ पौंडांची खंडणी मुकाट्याने भरली. मिरे, कापड, तांदूळ, सारे याच पाण्यावरून गेले. सरळ काठ्यांना जाळी बांधून ज्या ठिकाणी एक म्हातारा मासे काढीत होता, त्याच पाण्यावर एके काळी गलबते नांगर टाकून उभी राहिली असतील.

याच पाण्यावर आणखी एक होडी फिरली होती. १८८३ साली रवींद्रनाथ आपले थोरले बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे येऊन राहिले होते. सत्येंद्रनाथ कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. बावीस वर्षांच्या कवीने येथे 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक लिहिले. आपल्या आठवणींत त्यांनी एका चांदण्या रात्रीची हकिकत सांगितली आहे. ही मंडळी होडीने काळी नदीत वर गेली, गडाच्या पायथ्याशी एका शेतकऱ्याच्या सारवलेल्या अंगणात बसून जेवली आणि परतताना त्यांनी होडी प्रवाहावर सोडून दिली. मुखाशी पोहोचायला फार उशीर झाला, म्हणून ती तेथेच उतरून वाळूतून चालत घरी गेली. कवीने जे चांदण्यात केले, तेच आम्ही पंचांगाच्या आधाराने सकाळी करीत होतो, एवढाच फरक.

साडेसातच्या आधीच पाणी थांबले. वर आलेले झाडाचे एक पान आमच्या होडीशेजारी स्थिर उभे राहिले. वाटाड्याने आम्हाला कांदळवनाच्या कडेला नेले. तिवराची मुळे चिखलातून वर आलेल्या बोटांसारखी असतात, चिखलात हवा नसते म्हणून ती बाहेर येऊन श्वास घेतात. कांदळाची मुळे खोडापासून कमानीसारखी खाली उतरलेली. त्या कमानींत माशांची पिले वाढतात आणि उधाणाच्या लाटेचा जोर तेथेच मोडतो. एक खंड्या निळा उजेड सांडल्यासारखा समोरून गेला. डोक्यावर ब्राह्मणी घार घिरट्या घालीत होती. पुढे पाणी उतरू लागले, तशा काही बायका टोपल्या घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या आणि पायांनी चाचपून तिसऱ्या काढू लागल्या. त्यांच्या अंगावर जाकीट नव्हते. ज्या पाण्यात आम्ही पट्टे आवळून बसलो होतो, तेथे त्या परड्यात भाजी खुडावी तशा वावरत होत्या. त्यांचे धाडस आमच्याहून मोठे होते असे मला वाटत नाही. त्यांना तळ कोठे खोल आहे आणि पाणी केव्हा वळते, हे ठाऊक होते.

परतीचा प्रवास सुखाचा होता. ओहोटी आणि मतलई वारा, दोन्ही पाठीशी. रेल्वेच्या पुलावरून कोकण रेल्वेची गाडी धडधडत गेली. निघालो त्या जागेजवळ आलो तसा रस्त्याचा पूल दिसू लागला. येथील जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर कोसळला. त्यावरून जाणारा एक ट्रक नदीत पडला आणि त्याचा चालक वाचवला गेला. पुलाच्या पलीकडे नदीचे रुंद मुख, त्यापुढे उपसागर, चकाकणारे सपाट पाणी आणि बेटे. दृश्य इतके शांत होते, की आमच्यातील एका तरुणाने वल्हे तिकडे वळवले. "पाच मिनिटे जाऊन येऊ, पाणी तर अगदी शांत आहे," तो म्हणाला. खरे सांगायचे तर माझेही मन तिकडे ओढले गेले. एवढ्या लांब आलो, पुढे बैतकोलचे बंदर हाकेच्या अंतरावर, आणि पाण्याची भीती तर केव्हाच गेली होती.

वाटाडा त्याच्या होडीपुढे आडवा येऊन थांबला. "नाही," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "आता वारा आणि पाणी दोन्ही बाहेर जात आहेत. तुम्ही वल्हे न मारताही पाच मिनिटांत तिथे पोहोचाल. पण परत यायला त्याच दोघांच्या विरुद्ध यावे लागेल आणि तुमचे हात आता दमले आहेत. मी रोज इथे असतो. मीसुद्धा या वेळी नवशिक्याला घेऊन जात नाही." तरुण थोडा खट्टू झाला, पण वळला. आम्ही सर्व काठाला लागलो तेव्हा नऊ वाजायला आले होते. तासाभराने चहा घेताना पाहिले, तर वारा फिरला होता आणि मघाच्या त्या सपाट पाण्यावर पांढऱ्या रेघा उठू लागल्या होत्या.

त्या एका नकारासाठी मी कारवारला गेलो होतो, असे आता मला वाटते. पाण्याची ओळख झालेला माणूस बेधडक होतो, अशी आपली घाटावरची समजूत. उलट ज्याची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची, त्याला आपण कोठे थांबायचे हे आधी कळते. ते कळत नाही आमच्यासारख्यांना, कारण शांत दिसणारे पाणी कोणत्या दिशेने चालले आहे हे आम्ही कधी पाहायलाच शिकलो नाही. बंदर आमचे राहून गेले. त्याबरोबर हे ज्ञानही राहून गेले आणि त्याची किंमत आमची मुले मोजतात.

शाळेत परतल्यावर मी पालकांची सभा बोलावली. मुलांना समुद्रावर न्यायचे, पण एकदम समुद्रात उतरवायचे नाही, असे मी त्यांच्यापुढे मांडले. प्रथम आठवी-नववीच्या मुलांना गावातल्या पोहण्याच्या तलावावर एक पावसाळा शिकवायचे. जी शिकतील त्यांनाच न्यायचे, लेखी परवानगीने, भांगाच्या दिवशी, नदीतच, दर सहा मुलांमागे एक जाणता नावाडी आणि प्रत्येकाच्या अंगावर ओढून तपासलेले जाकीट. नावाड्याने 'नाही' म्हटले, तर मुख्याध्यापकाचाही इलाज चालणार नाही, ही अट मी स्वतःवर घातली आहे. एक आजोबा उठून म्हणाले, "सर, आमच्या लहानपणी आम्हाला हे कोणी शिकवले असते तर!" सभेत बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग एका आईने विचारले, "पोहायला मुलींनाही पाठवायचे ना?" मी म्हटले, आधी त्यांनाच.

आता मुलींची नावे आली आहेत, एकवीस. दर सोमवारी प्रार्थनेनंतर फळ्याच्या कोपऱ्यात सुविचाराच्या शेजारी त्या दिवसाची तिथी आणि कारवारची भरतीची वेळ लिहिली जाते. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या शाळेत तिचा काय उपयोग, असे एका तपासनिसांनी विचारले. शाल्मलेचे पाणी त्या वेळी तेथे पोहोचलेले असते, असे मी त्यांना सांगितले.